लाल खुणेचा चाकू

ऑगस्टमध्ये ताईच्या मळ्यात द्राक्षाची कलमं बांधायला टोळी आली होती. रिटायर झाल्यापासून असं काही निघालं की मी निफाडची एसटी धरतो. माझं काम काहीच नसतं. बांधावर बसायचं, चहा प्यायचा आणि लोकांचे हात बघायचे. त्या टोळीत पन्नाशीचा एक गडी होता. डॉगरिजचा, म्हणजे नुसत्या मुळांसाठी लावलेल्या जातीचा, खुंट छाटायचा, मधोमध चाकूने चिरायचा, थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षाची, काडी घेऊन दोन्ही अंगांनी एकेक काप मारून तिची पाचर करायची, चिरेत बसवायची, सालीला साल भिडली की वरून पट्टी गुंडाळायची. पाचरीचा काप एका ओढीत. दुसऱ्यांदा चाकू फिरवावा लागला की काप उंचसखल होतो, मध्ये फट राहते, काडी वाळते. अर्धा तास मी बघत होतो. त्याने एकदाही त्याच कापावर पातं दुसऱ्यांदा लावलं नाही.

चाकू बघायला मागितला तर म्हणाला, "जपून हां दादा, धार हाये." मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, पातं बोटभर रुंद, धार एकाच बाजूने. टोकाजवळ एक भोक होतं, आणि ते भोक बघून मला हसू आलं. पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडचा तुकडा तो. कुठल्यातरी कंपनीत तुटलं असेल, कुणीतरी बेंच ग्राइंडरवर, पाण्यात बुडवत बुडवत, जेवणाच्या सुट्टीत घासून दिलं असेल. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत, डाय-पंच बनवायच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली मी, असले दोन-तीन डझन चाकू तरी माझ्या हातून झाले असतील. हायस्पीड स्टील. कंपनीचं नाव नाही, किंमत नाही.

परत येताना डोक्यात चाकू बसला तो बसलाच.

आपल्याकडे या विषयाची एक पंचाईत आहे. खिशात चाकू बाळगणारा माणूस म्हणजे एक तर गुंड, नाहीतर आंबा चिरून खाणारे आजोबा. मधलं कुणी नाही. बातमीत चाकू आला की पुढे हल्ला आलाच. आपल्या कायद्यालाही चिंता आहे ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची, आणि त्यातूनही घरची, शेतीची, कारखान्याची हत्यारं तो वगळतो. माझी हौस तीन इंचांची. पण हे घरी समजावून सांगता येत नाही.

नवरात्राच्या आधी मोबाइलवर ऑफर आली. दोन चाकू घेतले तर तिसरा निम्म्या किमतीत. आयुष्यभर मायक्रॉनचा हिशेब केलेला माणूस असल्या गणितापुढे कशी मान टाकतो, ते विचारू नका. तीन मिळून एकवीसशे रुपये. घडीचे, काळ्या मुठीचे, पात्यावर बारीक अक्षरांत 'डी-टू' कोरलेलं. ही दोन अक्षरंच मला घेऊन गेली. डी-टू म्हणजे आमच्या घरातलं पोलाद. पत्रा कापायचे पंच, डाय, सगळं त्याचंच. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. बारा टक्के क्रोमियम म्हटल्यावर स्टेनलेस वाटतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनशी गाठ मारून बसलेलं असतं, त्यामुळे पावसाळ्यात तेल न लावता ठेवला तर डाग पडतातच. ज्या पोलादाचे पंच करून आम्ही लाखो पत्र्या पाडल्या, त्याचा चाकू आठशे रुपयांच्या आत? मला आधी शंका यायला हवी होती. आला तो उमाळा.

"भाजीला सुरी आहे, दुधाच्या पिशवीला कात्री आहे. तीन चाकू कुणासाठी?" ही म्हणाली.

"दोनावर एक निम्म्यात होता."

"मग एकच घ्यायचा ना."

त्याच आठवड्यात भाचा आला अमेरिकेहून. ताईचाच मुलगा. द्राक्षाच्या मांडवाखाली वाढलेला, आता तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. त्याने माझे तीन चाकू टेबलावर बघितले आणि नाक मुरडलं. "मामा, चायनाचा माल. उघडताना बोट जाईल." मग बॅगेतून स्वतःचा काढला. साडेतीनशे डॉलर. कंपनीचं नाव सांगत नाही, पुढे त्याच्याबद्दल एक वाकडं लिहायचंय म्हणून.

हातात घेतला आणि खरं सांगतो, गप्प झालो. पातं अंगठ्याने ढकललं की जिथे थांबायला हवं तिथे थांबतं. उघडल्यावर टोक धरून हलवलं तर प्ले नाही, कुठल्याच दिशेला. स्लिप गेज, म्हणजे मापं पडताळायचे गुळगुळीत पोलादी ठोकळे, एकमेकांवर सरकवून चिकटवताना बोटांना जे कळतं, तसलं काहीतरी. मुठीच्या आतली टायटॅनियमची पट्टी पात्याच्या बुडाशी येऊन बसते तो उतार मी भिंगाखाली बघितला. ग्राइंडिंगचे चरे सगळे एका दिशेने. कुणीतरी जीव लावलाय. पोलाद एस-थर्टी-व्ही, म्हणजे क्रूसिबल कंपनीने २००१ च्या सुमारास ख्रिस रीव्हसारख्या चाकूवाल्यांशी बोलून खास चाकूसाठी काढलेलं. चार टक्के व्हॅनेडियम, पावडरपासून केलेलं. धार महिनोन्महिने टिकते, आणि गेली की साध्या दगडावर आणता आणता घाम काढते.

माझ्यातल्यांपैकी एक त्याच्या शेजारी ठेवला. आता वाकडं लिहितो. पेरू कापायला घेतला आम्ही, सिन्नरकडचा, घट्ट. साडेतीनशे डॉलरचा चाकू निम्म्यापर्यंत लोण्यासारखा गेला आणि मग पेरू कडकन फाकला. पातं पाठीला जवळजवळ चार मिलिमीटर जाड! धार कितीही असो, मागून पाचर ठोकल्यासारखं होतं. चिनी चाकूचं पातं पाठीला तीन, धारेजवळ बरंच बारीक. फोड निघाली, नीट. भाचा म्हणाला, "तो पेरूसाठी नाहीये." कशासाठी आहे, विचारलं. तर म्हणे तिकडे तो त्याने खोकी उघडतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर स्वस्ताचं कौतुक करून मोकळा झालो असतो. पण टूलरूमचा माणूस. तीन नग आले की तीन मोजायचे.

एक्सलो पॉइंटजवळ हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये एक मित्र अजून आहे. संध्याकाळी तिन्ही चाकू घेऊन गेलो. टॉर्क्सचे बारके स्क्रू काढले, पाती सुटी केली. रॉकवेलच्या, म्हणजे कडकपणा मोजायच्या, मशीनवर बुडाकडचा सपाट भाग ठेवायचा, हिऱ्याचं टोक टेकवायचं, आधी दहा किलो, मग दीडशे. डायलचा काटा फिरतो, थांबतो. पहिलं पातं साठ. दुसरं साडेएकोणसाठ. मित्राने भुवया वर केल्या. आठशे रुपयांत साठ म्हणजे चांगलंच. तिसरं ठेवलं. त्रेपन्न.

जागा बदलून परत घेतलं. साडेबावन्न. मित्राने कानस आणून कडेला घासली. पहिल्या दोघांवरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली. इथे बसली, खरवडली, भुगा पडला.

मराठीत याला चांगला शब्द आहे: पाणी. लोहार कोयत्याला पाणी देतो, चांगलं पातं पाणीदार. भट्टीतलं लाल पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवायचं, एवढंच नाही त्यात. डी-टूला तर पाणी लागतच नाही, ते हवेतच कडक होतं. पण आधी हजार अंशांच्या वर नेऊन तिथे पुरेसं थांबवावं लागतं, आणि मग ठरल्या वेगाने थंड व्हावं लागतं, मग टेम्परिंग, म्हणजे कमी आचेवर पुन्हा तापवणं, तेही दोनदा. पात्यावर कोरलेली अक्षरं फक्त पोलादाची जात सांगतात. त्याला पाणी कसं दिलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. त्या तिसऱ्या पात्याचं काय झालं असेल? ट्रेच्या कोपऱ्यात असेल, भट्टीचा कोपरा थंड. किंवा ढिगात खाली दबलं, सावकाश निवलं. किंवा डी-टू नव्हतंच. रॉकवेल एवढंच सांगतं, की त्रेपन्न.

"बघितलंत? चायना!" घरी आल्यावर भाचा म्हणाला.

आणि इथे मला राग आला. त्या पातीवाल्याचा नाही, भाच्याचा. कारण सांगतो. आम्ही अंबडला तीस वर्षं काय बनवत होतो? दुसऱ्याच्या नावाचा माल. आमच्या डायवर निघालेल्या पत्र्या, ब्रॅकेट, क्लिपा पोत्यांतून जायच्या आणि कुठेतरी सुंदर खोक्यात बसून, वर मोठ्या कंपनीचा शिक्का लावून परत यायच्या. एकदा स्कूटरची एक क्लिप तुटली. दुकानात गेलो, काउंटरवरच्या पोराने खोकं काढलं. आत आमचीच क्लिप. डायवर एका जागी बारीकसा ओरखडा होता, तो दुरुस्त करायचा राहून गेला होता, त्याचा ठसा प्रत्येक नगावर यायचा. मी तो अंधारातही ओळखला असता. आम्हाला नगामागे काही पैसे मिळायचे, तिथे पंचेचाळीस रुपये. तरी मी मुद्दाम विचारलं, "माल चांगला आहे ना?" तर पोरगा म्हणाला, "कंपनीचा आहे काका, लोकल नाही."

लोकल म्हणजे मीच की.

चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात यांगज्यांग नावाचं शहर आहे, चाकू-कात्र्यांची राजधानी म्हणतात तिला. मी काही गेलेलो नाही, पण मला ते अंबडसारखं दिसतं. सानरेनमूसारखे तिथले कारखाने स्वतःच्या नावाने विकतात आणि परक्या कंपन्यांना त्यांच्या नावानेही बनवून देतात. सिव्हिव्ही नावाचे तिथलेच चाकू आता अमेरिकेतले हौशी लोक मागून घेतात. स्पायडर्को ही अमेरिकन कंपनी. तिचे सुरुवातीचे चाकू जपानातल्या सेकी शहरात बनत, आणि 'बर्ड' नावाचे तिचे स्वस्त चाकू चीनमध्ये बनतात. म्हणजे नाव एका गावचं, हात दुसऱ्या गावचे, हे या धंद्यात जुनंच. नक्कलही जुनी. गान्झो या चिनी कंपनीच्या चाकूंना पातं उघडं धरून ठेवणारं जे कुलूप असतं ते अमेरिकन बेंचमेडच्या ॲक्सिस कुलपासारखंच आहे, हे चाकू हातात घेतल्यावर कुणालाही कळेल, आणि दुसऱ्याच्या डोक्यातून निघालेलं असं उचलणं मला पटत नाही. पण हे आरोप कुणी कुणावर केले नाहीत?

इंग्लंडमध्ये शेफिल्ड म्हणजे चाकूंचं काशी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनचा स्वस्त माल शेफिल्डच्या नावाने विकला जाऊ लागला. शेफिल्डवाल्यांनी आरडाओरडा केला आणि १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की परदेशी मालावर तो कुठे बनला ते छापा. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का त्यातून आला. गिऱ्हाइकाने तो बघून नाक मुरडावं म्हणून. आमच्या भाच्याने मुरडलं तसं. पुढे त्याच तीन शब्दांसाठी लोक जास्त पैसे मोजू लागले, आणि आमच्या टूलरूममध्ये जर्मन मायक्रोमीटर मालकाच्या कपाटात कुलपात असायचा.

स्विस चाकूचीही तीच गत. १९९६ मध्ये आमच्याकडे वायरकट मशीन बसवायला एक स्विस इंजिनिअर आला होता. पंधरा दिवस राहिला. मिसळीने त्याचा जीव घेतला तरी रोज खायचा. जाताना त्याने मला खिशातला लाल व्हिक्टोरिनॉक्स दिला. तो अजून आहे. कार्ल एल्सनर नावाच्या माणसाने १८८४ मध्ये इबाख गावात हा कारखाना काढला, पण स्विस सैन्याने पहिले चाकू घेतले ते सोलिंगेनचे, कारण एवढे नग द्यायची ताकद स्वित्झर्लंडात कुणाकडे नव्हती. एल्सनरचा पहिला माल सैन्याला मिळाला १८९१ मध्ये. म्हणजे स्विस सैन्याचा पहिला चाकू चक्क इम्पोर्टेड.

त्या दिवशी मशीन मोकळं होतं म्हणून मी खिशातल्या लाल चाकूचाही विषय काढला. मित्र म्हणाला, "याचं पातं छप्पन्न ठेवतात, माहितेय ना?" माहीत होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मात्र विश्वास बसला नव्हता. छप्पन्नचा पंच आमच्याकडे आला असता तर मी लाल पेटीत टाकला असता. पण ते छप्पन्न ठरवून केलेलं आहे. कुणालाही, कुठल्याही दगडावर, अगदी कपबशीच्या बुडावर धार लावता यावी म्हणून. कात्री त्रेपन्न, डबा फोडायचं हत्यार बावन्न, आतल्या स्प्रिंगा एकोणपन्नास. एका मुठीत चार प्रकारचं पाणी. आणि बाजारातून कुठलाही उचला, तेच आकडे. माझ्या तिसऱ्या चाकूचं त्रेपन्न आणि त्यांच्या कात्रीचं त्रेपन्न, डायलवर काटा एकाच जागी थांबतो. एक हवं होतं म्हणून आलं, दुसरं कुणी बघितलं नाही म्हणून.

लाल पेटीचं सांगायलाच हवं. प्रत्येक शॉपमध्ये असते, रिजेक्ट झालेले नग टाकायला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं तिच्यात भंगार असतं. खरं तर तिच्यात मालकाचे पैसे असतात. म्हणून इन्स्पेक्शनवर बसणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट, साल सांगत नाही. पंचांचा लॉट हीट ट्रीटमेंटहून आला, दोनशे नग. मी पाच तपासले, पाचही बरोबर. पण भट्टीवाल्याने फोनवर सहज सांगितलं होतं की मागचा हीटर कुरकुर करतोय. मला माहीत होतं की पाच पुरेसे नाहीत. वर सांगितलं. वरून उत्तर आलं, "पार्टी खोळंबली आहे. बोनस हवाय का नकोय?" मी चलनावर सही केली. महिन्याने बारा पंच परत आले, तोंडं बसलेली, सोबत डेबिट नोट. कुणी मला बोललं नाही. बोनस मिळाला होता.

त्यामुळे तिसरं पातं हातात धरून मी कुठल्या तोंडाने चायनाला नावं ठेवू? यांगज्यांगमध्येही कुणीतरी टेबलाशी बसला असेल. कितीतरी पट महाग नगाला जास्तीचे पैसे कशाचे पडतात हे मला आता बऱ्यापैकी कळतं: त्या टेबलावरच्या माणसाला "नाही" म्हणता येतं त्याचे. साडेतीनशे डॉलरमध्ये ते पूर्ण भरलेत का, त्यात जाहिरात किती आणि टायटॅनियमचा नखरा किती, हा वेगळा हिशेब. भाच्याला मी हे काही बोललो नाही. त्याचं म्हणणं एवढंच की तीनातला एक वाईट निघाला. आकडा बरोबरच आहे त्याचा.

तिसऱ्या चाकूवर खूण करायला हवी होती. हिऱ्याची टिंबं तिघांवरही होती, आणि पात्याच्या बुडाशी, मुठीत झाकलेली. हिच्या कपाटातून लाल नेलपॉलिश घेतलं आणि तिसऱ्याच्या पात्यावर, पाठीजवळ, एक थेंब टेकवला. सवय. पहिला दाजींना द्यायचा, दुसरा त्या कलमवाल्याला, हॅक्सॉच्या तुकड्याशी जमवून बघ म्हणावं. (तो वापरणार नाही, माझी खात्री आहे. हायस्पीडची एकांगी धार आणि ही दुहेरी, पाचर तशी निघायची नाही. पण द्यायचा.) तिसरा कुणालाच नाही.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. कंपनी सुटली तरी सुटलं नाही. पाटावर लाल कापड, त्यावर माझा व्हर्निअर, जुनी कानस, हिची शिवणकात्री, विळी, स्वयंपाकातली सुरी, दुधाच्या पिशवीची कात्री, स्विस चाकू. भाच्याने हसत हसत त्याचाही ठेवला. मी आंघोळ करून आलो तर हिने माझे तिन्ही चिनी चाकूही उघडून ओळीने मांडले होते, पात्यांवर झेंडूच्या पाकळ्या, आणि प्रत्येकाला पाठीजवळ कुंकवाचं बोट लावलं होतं.

तिन्ही लाल. मी वाकून बघत होतो, कुंकवाखाली नेलपॉलिश कुठल्याच्या आहे.

"काय शोधताय?"

"एक वेगळा करायचाय. खराब आहे तो."

"आज हात लावायचा नाही. उद्या सोनं वाटून झालं की काय ते करा."

दुपारी चहाला दूध कमी पडलं. फ्रिजमधून दुसरी पिशवी काढली तिने, पाटाकडे एकदा बघितलं, आणि पिशवीचा कोपरा दातांनी फाडला.